हाडांची बशी आणि कॅशिअरचा दिवा

मटण खाताना हाडं कुठं ठेवायची? कोल्हापुरात याचं उत्तर एकच, ताटाच्या कडेला. तिथून ती हळूहळू भाकरीवर येतात. फ्रेंच कारखान्यांत यासाठी वेगळी बशी निघायची. चंद्रकोरीच्या आकाराची, वीतभर लांब, ताटाला बाहेरून चिकटून बसणारी. मुळात ती माशाच्या काट्यांसाठी, आमच्याकडं ती नळीसाठी आहे. लक्ष्मीपुरीत एका जुन्या सामानवाल्याकडं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती फुटकीच वाटली होती. तो म्हणाला, "वैनी, फुटकी न्हाई ओ, तिचा घाटच तसलाय." दीडशेला घेतली. त्याला एकोणीस वर्षं झाली.

तुम्हाला जुन्या फ्रेंच बश्या जमवायचा हा नाद लागणार असेल तर पहिलं सांगते, सेटच्या मागं लागू नका. बारा ताटं, बारा वाडगे, झाकणाचं भांडं असं सगळं एका नक्षीत मिळवायला गेलात तर पैसे जातील आणि कपाट कुलपात राहील. एकटी राहिलेली बशी, बिनबशीचा कप, बिनझाकणाचं भांडं घ्या. स्वस्त मिळतं आणि वापरताना हात थरथरत नाही.

कोल्हापूर पूर्वी संस्थान असल्यामुळं इथं विकायला आलेली प्रत्येक जुनी बशी 'राजवाड्यातली' असते. विकणारा ही कथा सुरू करतो तेव्हा मी बशी पालथी करते. मागं बहुतेक वेळा दोन शिक्के सापडतात. हिरवा शिक्का झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या आत असतो, तो पांढरी बशी भाजणाऱ्या कारखान्याचा. दुसरा झिलईच्या वर, बऱ्याचदा लाल, तो नक्षी काढणाऱ्याचा नाहीतर विकणाऱ्या पेढीचा. कोरा माल एकीकडं आणि रंगकाम दुसरीकडं, अशी सर्रास पद्धत होती. नुसता हिरवा शिक्का आणि वर जरा बिचकत काढलेली गुलाबाची फुलं दिसली, तर कुणीतरी हौशी बाईनं कोरी बशी आणून घरी रंगवली असण्याची शक्यता धरा. मला अशा बश्या जास्त आवडतात, भाव कमी असला तरी.

शिक्क्यात बऱ्याचदा दिसणारं 'लिमोज' हे कारखान्याचं नाव नव्हे, फ्रान्समधल्या एका शहराचं. त्याच्या दक्षिणेला सँ-तिरिये इथं १७६८ च्या सुमारास केओलिन ही पांढरी माती सापडली आणि १७७१ मध्ये लिमोजला पोर्सलीनचा, म्हणजे या मातीपासून केलेल्या पातळ, उंची चिनीमातीचा, पहिला कारखाना निघाला. पुढं तिथं कितीतरी कारखाने झाले. त्यामुळं 'लिमोजची आहे' एवढंच सांगणं म्हणजे 'चप्पल कोल्हापुरी आहे' एवढंच सांगणं. कुणी शिवली, कशी शिवली, ते बघायचं राहतंच. शिक्क्यात 'फ्रान्स' असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची. त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, आणि लिमोजचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. हॅविलंड ही तिथली गाजलेली पेढीसुद्धा एका अमेरिकन व्यापाऱ्यानं काढलेली. आणि एकमेकांत गुंतलेले दोन 'एल' दिसले, म्हणजे सेव्र या फ्रान्समधल्या नामांकित कारखान्याचा शिक्का, तर हुरळून जाऊ नका. त्या शिक्क्याच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून निघताहेत.

आता माझ्या नोकरीचा उपयोग. एकतीस वर्षं मी बँकेत कॅशला होते. खोटा रुपया वाजवून बघतात तशी बशी वाजवायची. डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोला, काठाला नखानं टिचकी मारा. धड असेल तर टण्ण वाजून आवाज लांबतो, चीर असेल तर नुसतं थप्प. मग मागून मोबाईलचा टॉर्च लावा. पातळ पोर्सलीनमधून बोटांची सावली दिसते, साध्या चिनीमातीतून दिसत नाही. शेवटी नोटा तपासायचा जांभळा दिवा. अंधाऱ्या खोलीत तो फिरवला की जुना गोंद किंवा वरून फासलेला रंग बाकीच्या झिलईपेक्षा वेगळा उजळतो. हे शहाणपण मला नऊशे रुपये घालवून आलं. चहादाणीचा कान चिकटवलेला होता, पहिल्याच उकळत्या चहाला हातात आला.

पोर्सलीन किती चिवट असतं ते २०१९ च्या पुरात कळलं. कुंभार गल्लीत नणंदेच्या घरी दोन पेट्या गाळात गेल्या. माझ्या फ्रेंच बश्या साध्या पाण्यानं स्वच्छ निघाल्या. तिच्या साध्या चिनीमातीच्या ताटांना मात्र झिलईच्या केसासारख्या भेगांतून तपकिरी जाळी चढली, ती आजही आहे. हळदसुद्धा अशाच भेगांतून आत शिरते.

वापरा, पण सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. चिंच, लिंबू, तारेची घासणी यांपासून ती लांब ठेवा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून रंगीत बशीत आंबट किंवा पातळ काही वाढू नका. करंज्या, अनारसे, सुका मेवा ठीक. एकावर एक रचताना मधे जुन्या सुती साडीचे गोल तुकडे घाला. वर्तमानपत्र नको, पावसाळ्यात दमट होतं.

भिंतीवर लावायची हौस मीही केली. पाठीमागं डकवायची गोंदाची चकती आणली. पाण्यानं भिजवून चिकटणारा तो गोंद जुलैतल्या आमच्या ओल्या भिंतीवर परत पाणी प्याला आणि पहाटे बशी खाली. आता रबरी नळी चढवलेली तारच वापरते, म्हणजे सोनेरी काठ खरवडत नाही. पण खरी शोभा कोनाड्यात येते. जाड भिंतीतला काळसर कोनाडा, त्यात एकच पांढरी बशी उभी, पुढं पितळी तांब्या. बाकीच्या बश्या स्टीलच्या मांडणीत, जिथं सासूबाईंची ताटं उभी असायची तिथंच.

गेल्या रविवारी व्याही जेवायला होते. चंद्रकोरीच्या बशीकडं बघून त्यांनी तिच्यात मीठ आणि लिंबाची फोड मागून घेतली. हाडं ताटाच्या कडेला, भाकरीशेजारी. मी काही बोलले नाही. ते हात धुवायला उठले तशी मी पहिली ती बशी नळाखाली धरली.