हाउंड हा शब्द नेमका कुठे वापरायचा
मालवणात आम्ही मागीलदारी बांगडे साफ करायला बसलो की आमचा कुत्रा वाडीच्या टोकावरून वास काढत येतो, पण म्हणून त्याला इंग्रजीत हाउंड म्हणू नका, तो डॉगच. हाउंड म्हणजे शिकारीसाठी पैदास केलेल्या जातीचा कुत्रा. ब्लडहाउंड, बीगल हे नाक जमिनीला लावून वासावर माग काढतात आणि ग्रेहाउंड किंवा आपला कारवान हाउंड सावज नजरेने टिपून पळत गाठतात. जुन्या इंग्रजीत हा शब्द कुठल्याही कुत्र्याला चालायचा, जर्मनमध्ये हुंड म्हणजे आजही साधा कुत्राच.

आता क्रियापद, मुलं इथेच अडतात. टू हाउंड म्हणजे हात धुवून मागे लागणं. वसुलीवाले रोज दहा वेळा फोन करून जीव नकोसा करतात ना, तिथे 'दे आर हाउंडिंग मी' असं बिनधास्त म्हणा. छळून छळून एखाद्याला नोकरी सोडायला लावली तर 'ही वॉज हाउंडेड आउट ऑफ हिज जॉब'. पण शेजारच्या काकूंनी उसनी साखर दोनदा परत मागितली तर हा शब्द नको हां, फार जड होतो, तिथे आस्क पुरे. उच्चार साउंडसारखाच करायचा.