शतावरी घेताना या चुका टाळा

पाळी पुढे-मागे झाली की शतावरी आणली जाते. आयुर्वेदात हे मूळ गुणाचं मानतात, वाया जातं ते घेणाऱ्याच्या घाईने.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कल्पाला चूर्ण समजणं. शतावरी कल्प हे साखरेचे दाणे, त्यात थोडी शतावरी. डब्यावर १०० ग्रॅममागे शतावरी किती, ते वाचा. समजा १५ ग्रॅम लिहिलंय, तर दिवसाच्या २० ग्रॅम कल्पातून शतावरी मिळते ३ ग्रॅम, बाकी बहुतेक साखरच. पीसीओडीत (अंडाशयाच्या, पाळी बिघडवणाऱ्या विकारात) आधीच इन्सुलिनचा घोळ असतो, वजन उतरायला हवं असतं. अशा बाईने सहा महिने कल्प खाल्ला की वजन चढू शकतं आणि नाव शतावरीचं खराब होतं. साधं चूर्ण घ्या: सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम, कोमट दुधात. वैद्यांना विचारल्याशिवाय ६ ग्रॅमच्या वर नको.

दुसरी चूक पावसाळ्यातली. ऑगस्टमध्ये नागपूरच्या इतवारी बाजारातून किलोभर मुळं आणायची, तशीच मिक्सरला लावायची आणि डब्यात कोंबायची. मुळं सर्दावलेली असतात. मिक्सर गरम होतो, पुडीच्या गुठळ्या होतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशीचा वास येतो. ती पूड उन्हात घालून वाचवू नका, फेका. मूळ घेतानाच मोडून बघा: कट्‌कन तुटलं तर वाळलेलं, वाकलं तर ओलं. साल काढलेली, पिवळट पांढरी मुळं निवडा. मधला चिवट दोरा राहिला असेल तर तो कुटला जात नाही, नुसता तंतू होऊन वजन वाढवतो. म्हणून पूड वस्त्रगाळ करा. दळण एप्रिल-मेमध्ये, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उरका. एरवी एका वेळी १०० ग्रॅम पुरे, काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने.

कुंडीतलं रोप दीड वर्षाच्या आत उपटू नका. मुळं भरायला दीड-दोन वर्षं लागतात.

आठ दिवसांत फरक नाही म्हणून मात्रा दुप्पट करणं हा निव्वळ उतावीळपणा. निदान दोन-तीन पाळ्यांच्या तारखा वहीत लिहा, मग बोला.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासल्याशिवाय सुरू करू नका. थायरॉइड बिघडल्यानेही पाळी चुकते, त्यावर शतावरी हा इलाज नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल, स्तनाचा हार्मोनशी निगडित कर्करोग झालेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गरोदरपणातही स्वतःच्या मनाने नको. आणि पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर बरणी उघडायची नाही, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं.