घरच्या वायफायची सुरक्षा : या चुका टाळा

राउटरच्या नोंदींमध्ये 'पासवर्ड चुकीचा' हा शेरा रात्रभर दर थोड्या वेळाने उमटलेला दिसला, की आपले वायफाय कोणीतरी फोडू पाहत आहे अशी धास्ती वाटणे साहजिक आहे. बहुतेक वेळा मात्र हे प्रयत्न घरातूनच होत असतात. मध्यंतरी वायफायचा पासवर्ड बदललेला असतो, टीव्हीत, प्रिंटरमध्ये किंवा दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात तो बदलायचा राहून जातो, आणि ते उपकरण जुन्याच पासवर्डने पुनःपुन्हा जोडून घेऊ पाहते. नोंदीतला मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाची नेटवर्कवरची ओळख, एकेका उपकरणाशी ताडून पाहिला की उलगडा होतो. हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन सहसा प्रत्येक वायफायसाठी वेगळा, कृत्रिम पत्ता वापरतात. म्हणून फोनच्या खोक्यावर छापलेला पत्ता न पाहता त्या वायफायच्या तपशिलात दिसणारा पत्ता पाहावा. नाहीतर स्वतःचाच फोन अनोळखी ठरवून आपण त्याला अडवून बसतो.

खरी चिंता करावी असा प्रयत्न या नोंदींत दिसतच नाही, आणि हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. जिन्यात किंवा इमारतीखाली लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला ती टिपून घेता येते. त्यानंतर तो आपल्या घरी, आपल्याच संगणकावर एकेक पासवर्ड त्या टिपणाशी पडताळत बसतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे काही चुकीच्या प्रयत्नांनंतर प्रवेश रोखण्याची सोय इथे निरुपयोगी ठरते. तेव्हा सगळी भिस्त पासवर्डवरच राहते.

आणि नेमका तोच ढिला असतो. फायबरची जोडणी करायला आलेला माणूस घाईत असतो. तो घरमालकाचा मोबाइल नंबर किंवा मुलाच्या नावापुढे १२३ असा पासवर्ड टाकून निघून जातो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. मोबाइल नंबर दहा आकडी असल्यामुळे भक्कम वाटतो. पण भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला काही लाख पासवर्ड पडताळता येतात. ५ लाखांचा वेग धरला तरी सगळे नंबर सव्वादोन तासांत संपतात. त्यापेक्षा खलबत्ता, कंदील, तुरटी, पाणवठा, गोफण असे एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द सलग जोडून पासवर्ड करावा. तो घरच्यांच्या लक्षात राहतो आणि बाहेरच्याला अंदाजाने सापडत नाही. मात्र शब्द स्वतःचे निवडावेत, कुठे छापलेले उचलू नयेत.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ पद्धतीत संदेश टिपून घरी नेऊन पडताळण्याची ही वाट बंद केलेली आहे. राउटरमध्ये ती सोय असल्यास अवश्य निवडावी. जुना प्रिंटर किंवा कॅमेरा जोडला जाईनासा झाला, तर सुरक्षा पार काढून टाकण्याची चूक करू नये. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा आणि पासवर्ड लांबच ठेवावा. डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी हे जुने, कमकुवत सुरक्षा पर्याय यादीत दिसले तरी वापरू नयेत.

डब्ल्यूपीएस ही पासवर्डाऐवजी आठ आकडी पिनने उपकरण जोडण्याची सोय बंद करावी. २०११ च्या डिसेंबरमध्ये तिच्यातला दोष जाहीर झाला : राउटर पिनचे पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाहीत हे वेगळे सांगून टाकतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष ज्या राउटरमध्ये शिल्लक आहे, तिथे वायफायचा पासवर्ड कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

वायफायचे नाव लपवणे आणि मॅक पत्त्यांची यादी करून बाकीच्यांना मज्जाव करणे, या दोन उपायांवर लोक फार वेळ घालवतात. लपवलेले नाव आपलेच फोन जोडणी शोधताना पुकारतात. मॅक पत्ता तर हवेतून उघडाच जातो आणि त्याची नक्कल करता येते.

'माझ्या वायफायवर चोरण्यासारखे आहे तरी काय?' असे म्हणणाऱ्यांनी २००८ आठवावे. २६ जुलैच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी जो धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. त्याच्या असुरक्षित वायफायचा दुसऱ्याच कोणीतरी वापर केला होता. जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी आधी त्याच्याच दारी येते.

पाहुण्यांना जोडून देण्यासाठी फोनवर येणाऱ्या क्यूआर कोडात पासवर्ड उघड लिहिलेला असतो, म्हणून त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. पाहुण्यांसाठी आणि कॅमेरे, बल्ब यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क चालू करावे.

राउटरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि तो ॲडमिन, ॲडमिन असाच सोडून दिलेला आढळतो. २०१६ मधल्या मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले असेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून सेटिंग पानाचा पासवर्ड बदलावा, इंटरनेटवरून सेटिंग उघडण्याची सोय बंद ठेवावी आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे.

नेट बंद पडले म्हणून कोणी टाचणीने राउटरचे रीसेटचे बटण दाबले, तर हे सारे बदल पुसले जातात आणि कित्येकदा डब्ल्यूपीएसही पुन्हा सुरू होते. म्हणून दुरुस्तीवाला निघून गेल्यावर त्याच दिवशी सेटिंगचे पान उघडून दोन्ही पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस तपासावे.