ठाण्यात राहून जॅझ करायचं म्हणजे

पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा झाल्यात, बारा बारचा (बार म्हणजे तालाचा एक मोजका तुकडा) ब्लूज जमतो, आता जॅझमध्ये उतरू का? उतरा. पण घर जॅझवर चालेल हे डोक्यातून काढून टाका. जुन्या मुंबईतला नावाजलेला जॅझवाला चिक चॉकलेट ताज हॉटेलात ट्रंपेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या सिनेसंगीतातही राबायचा. आपण कोण लागून गेलो! माझं भागतं ते घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतल्या शिकवण्यांवर आणि लग्नसराईवर. जॅझचे कार्यक्रम बहुतेक दक्षिण मुंबईत. शेवटची लोकल चुकली तर मानधन टॅक्सीवाल्याचं.

आपल्याकडची खरी गोची वेगळीच. पेटीवर काफी घोटलेला असतो. जॅझमधलं डोरियन हे सप्तक म्हणजे काफी थाटाचेच स्वर, हे कळलं की अर्धा गड सर झाल्यासारखं वाटतं. अमेरिकन ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस याच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'वर ते खपूनही जातं, कारण तिथे सोळा बार एकच डोरियन, मग आठ बार अर्धा स्वर वर, की परत घरी. टू-फाइव्ह-वनवर, म्हणजे जॅझमधल्या नेहमीच्या तीन कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) साखळीवर, मात्र पितळ उघडं पडतं. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन: तिन्ही कॉर्ड सी मेजर सप्तकाच्याच स्वरांतले, त्यामुळे काहीही फिरवा, बेसूर होत नाही. आणि तिथेच माणूस फसतो. मीही बराच काळ त्यातच रुतलो होतो. चूक ऐकू येत नाही, पण कॉर्ड बदलल्याचंही ऐकू येत नाही.

म्हणून बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) बंद करा. बदल तो ऐकवतो, तुम्ही नाही. प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर धरा. डी मायनरवर एफ आणि सी. जी सेव्हनवर एफ जागेवर, सी उतरून बी. सी मेजरवर बी जागेवर, एफ उतरून ई. आधी गा, मग वाजवा. कंटाळा येईल, येऊ दे. महिना-दोन महिन्यांत कान वळतो, वयाची अट नाही.

लिक्सच्या (तयार छोट्या सुरावटींच्या) पीडीएफ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. नुसती मान डोलावणाऱ्या गुरूच्याही नाही. सोबत वाजवणारा शोधा.

पुढे शिकवायला लागलात तर पहिल्या तासाला दोनच स्वर द्या, सवाल-जवाब करा. पालक विचारतील, "सर, परीक्षेचं कधी?" हसून घ्या. आणि फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या, मे महिन्यात सगळे गावी जातात.