रिकामी स्ट्रिंग आणि इंडेक्स एरर : या चुका टाळा

हंगामात देवगड-रत्नागिरीकडे हापूसच्या ऑर्डरी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) उतरतात : नाव, गाव, पेट्या. गावाच्या पहिल्या अक्षरावरून याद्या लावणारा पायथनचा प्रोग्राम मध्येच थांबतो आणि म्हणतो, ‘स्ट्रिंग इंडेक्स आउट ऑफ रेंज’. त्या ओळीत गाव लिहायचंच राहिलेलं असतं. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, इंडेक्स म्हणजे त्यातल्या अक्षराचा ० पासून मोजलेला क्रमांक. रिकाम्या स्ट्रिंगची लांबी ०, म्हणून गाव[०] (पहिलं अक्षर) आणि गाव[-१] (शेवटचं) दोन्ही फसतात. (कोडमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाका.)

अटींचा क्रम चुकला की तपासणी असूनही एरर येते. दोन अटी जोडणारा ‘अँड’ डावीकडून चालतो; डावी अट खोटी ठरली की उजवीकडे बघतच नाही. गाव रिकामं नाही ना, हे आधी विचारा, पहिलं अक्षर नंतर.

नुसतं ‘इफ गाव’ पुरत नाही. एकच स्पेस असली तरी ती अट पार होते, म्हणून आधी स्ट्रिप (टोकांच्या स्पेस काढणं), मग तपासणी. मराठीत आणखी एक खोच आहे. काही कीबोर्ड ‘कैर्‍या’मधला र लिहिताना झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घालतात. तो एकटा मागे राहिला, तर रकाना रिकामा दिसतो पण लांबी १ येते, आणि साधा स्ट्रिप त्याला हात लावत नाही. रेप्रने (न दिसणारी चिन्हंही उघड दाखवणाऱ्या फंक्शनने) छापलंत की तो दिसतो. तो फक्त टोकांवरून काढा; सगळीकडून काढलात तर ‘कैर्‍या’च्या ‘कैर्या’ होतील.

‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ आली तर ओळीचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटकडे बघा; त्या तुकड्यांच्या यादीला इथे ‘भाग’ म्हणू. रिकाम्या ओळीवर स्वल्पविरामाने स्प्लिट केलं की शून्य नव्हे, एक घटक मिळतो, तोही रिकामा. भाग[०] गुपचूप चालतो, भाग[१] वर प्रोग्राम पडतो. कंस रिकामे ठेवून केलेला स्प्लिट मात्र शून्य घटक देतो, तिथे भाग[०] सुद्धा नाही.

गाव[:१] (पहिल्या अक्षरापर्यंतचा तुकडा) कधीच एरर देत नाही, गाव रिकामं असलं तर रिकामी स्ट्रिंग परत करतो. सोयीचं आहे, पण गाव नसलेली ऑर्डर त्याने बिनबोभाट पुढे सरकते. ट्राय-एक्सेप्टने एरर पकडून ‘पास’ (काहीच करू नको) लिहिणं त्याहून वाईट : ती ओळ यादीतूनच गळते आणि कुणाची तरी पेटी जात नाही. एरर दाबू नका. ओळीचा क्रमांक आणि नाव वेगळ्या यादीत छापा, म्हणजे पेट्या गाडीत चढण्याआधी फोन करून गाव विचारता येईल.