देणगीदारांच्या यादीवरून उमेदवारांची तुलना करताय? या चुका टाळा

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या किंवा काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) उमेदवाराला कोणी किती पैसे दिले, हे फेडरल इलेक्शन कमिशनच्या म्हणजे एफईसीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. देणगीदाराचं नाव, शहर, झिप कोड, व्यवसाय, नोकरीचं ठिकाण, तारीख, रक्कम, सगळं. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच डोळ्यांत भरतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. त्यातला काही फरक पाठीराख्यांमधला असतो, काही नुसता हिशेब मांडण्याच्या पद्धतीतला. पहिला हवा असेल तर दुसरा आधी वेगळा काढावा लागतो.

फक्त नावं मोजणं

उमेदवाराच्या प्रचार समितीला एका निवडणूक चक्रात एकूण २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचंच नाव अहवालात देणं बंधनकारक आहे. त्याखालच्या सगळ्यांची मिळून ‘अनआयटमाइज्ड’ या ओळीत एकच रक्कम येते. २०१६ च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत बर्नी सँडर्स यांचा निम्म्याहून जास्त निधी याच बिननावाच्या ओळीत होता. त्यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडे तिचा वाटा बराच कमी होता. दोघांच्या फक्त नावानिशी नोंदी घेतल्या, तर सँडर्स यांच्या बाजूला त्यांचे तुलनेने सधन समर्थक तेवढे उरतात आणि दोघांमधला सर्वांत मोठा फरकच पुसला जातो. म्हणून कामाला लागण्याआधी ही रक्कम भागिले एकूण वैयक्तिक देणग्या, एवढा भागाकार दोन्ही उमेदवारांसाठी करून ठेवा.

छोट्या देणगीदारांची नावं सापडण्याची एक जागा मात्र आहे. ॲक्टब्लू (२००४ पासून, डेमोक्रॅट) आणि विनरेड (२०१९ पासून, रिपब्लिकन) हे मध्यस्थ त्यांच्यामार्फत आलेली अगदी पाच डॉलरची देणगीसुद्धा नावासकट नोंदवतात. इथे दोन खड्डे आहेत. एक, २०१६ मध्ये विनरेड नव्हतं, त्यामुळे त्या वर्षीचे सँडर्स आणि ट्रम्प यांचे छोटे देणगीदार नावानिशी ताडून बघता येत नाहीत. दुसरा, तीच देणगी मध्यस्थाच्या अहवालातही असते आणि २०० डॉलरची मर्यादा ओलांडली असेल तर उमेदवाराच्याही. दोन्ही फाइली जोडल्या की बेरीज फुगते. कोणत्या तरी एकाच बाजूने मोजा आणि ‘मेमो’ रकान्यात ‘एक्स’ असलेल्या ओळी (त्या फक्त माहितीसाठी असतात) बेरजेतून वगळा.

देणगी आणि देणगीदार यांत गल्लत

२००८ मध्ये ओबामा यांचा जवळपास निम्मा निधी २०० डॉलर किंवा त्याहून लहान देणग्यांतून आल्याचं सांगितलं जात होतं. पण एकाच माणसाने पुन्हा पुन्हा दिलेल्या देणग्या एकत्र केल्यावर, एकूण २०० डॉलरच्या आत राहिलेल्यांचा वाटा सुमारे पाव भरला. २००४ च्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या वाट्यापेक्षा तो फारसा वेगळा नव्हता. तेव्हा आधी माणसं जुळवा: आडनाव, नावाची पहिली तीन अक्षरं आणि झिप कोडचे पहिले पाच आकडे. झिप कोड कधी पाच आकडी, कधी नऊ आकडी लिहिलेला असतो. तो छाटला नाही तर एका माणसाची दोन माणसं होतात. जुळणीत व्यवसाय धरू नका, कारण तोच वकील एकदा ‘अटर्नी’ असतो, एकदा ‘लॉयर’.

‘अमुक कंपनीने दिले’

कंपन्यांना संघीय उमेदवाराला थेट पैसे द्यायला १९०७ पासून बंदी आहे, कामगार संघटनांना १९४७ पासून. तरीही निवडणूक निधीचा मागोवा घेणाऱ्या ओपनसीक्रेट्स या संस्थेची ‘सर्वाधिक देणगीदार’ यादी बातम्यांत कंपन्यांच्या नावाने फिरते. त्या रकमा कर्मचाऱ्यांच्या, त्यांच्या कुटुंबीयांच्या आणि कंपनीशी संलग्न पीएसीच्या (राजकीय निधी जमवणाऱ्या समितीच्या) असतात. २००८ मध्ये ओबामा यांच्या यादीत सगळ्यांत वर कॅलिफोर्निया विद्यापीठ होतं. सरकारी विद्यापीठ उमेदवाराला देणगी देत नाही. त्याचा नोकरवर्ग अफाट मोठा आहे, म्हणून ते वर दिसतं.

व्यवसायाच्या रकान्यावर विश्वास

सगळ्यांत जास्त फसवतो तो हाच. ॲक्टब्लूच्या फॉर्मवर ‘नोकरी करत नाही’ अशी चौकट असते. निवृत्त शिक्षिकेने त्यावर टिचकी मारली की यादीत तिच्या नावापुढे व्यवसाय ‘नॉट एम्प्लॉइड’ असा छापून येतो. तिच्याच वयाची, तिच्याच शाळेतून निवृत्त झालेली दुसरी बाई रिपब्लिकन उमेदवाराला देते आणि ‘रिटायर्ड’ लिहिते. दोन्ही याद्या सरळ मोजल्या, तर डेमोक्रॅट बेरोजगारांच्या जिवावर चालतात आणि रिपब्लिकन पेन्शनरांच्या, असं दिसेल. ते साफ खोटं असेल. हे दोन्ही शब्द एकाच गटात टाका. ‘इन्फर्मेशन रिक्वेस्टेड’ (म्हणजे माहिती मागवली आहे, अजून मिळालेली नाही) असं लिहिलेल्या नोंदी वेगळ्या मोजा. त्यांचं प्रमाण एका उमेदवाराकडे बरंच जास्त असेल, तर व्यवसायावरून तुलना करूच नका.

वेगवेगळ्या खात्यांची सरमिसळ

२०२३-२४ मध्ये व्यक्तीला उमेदवाराच्या समितीला दर निवडणुकीला ३,३०० डॉलर देता येत होते. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकाच नावापुढे ६,६०० दिसले तर तो नियमभंग समजू नका. उमेदवारापासून स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या सुपर पीएसीला २०१० पासून अशी मर्यादाच नाही. २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या जेब बुश यांच्या बाजूच्या ‘राइट टू राइज’ या सुपर पीएसीने १० कोटी डॉलरहून जास्त जमवले, २०१६ च्या फेब्रुवारीत बुश शर्यतीतून बाहेर पडले. समितीची तुलना समितीशीच करा, सुपर पीएसीची सुपर पीएसीशी, आणि तीही एकाच तारखेपर्यंतची.

देणगीदार म्हणजे मतदार असं धरणं

२०२० मध्ये साउथ कॅरोलायनात सिनेटसाठी उभे असलेल्या डेमोक्रॅट जेमी हॅरिसन यांनी एका तिमाहीत ५.७ कोटी डॉलर जमवून विक्रम केला आणि लिंडसे ग्रॅहम यांच्याकडून सुमारे दहा टक्क्यांनी हरले. पैशाचा मोठा भाग राज्याबाहेरून आला होता. राज्याच्या रकान्यावरून वेगळे काढून फक्त स्थानिक देणगीदार मोजले की चित्र जमिनीवर येतं. देणगीदारांची नुसती संख्याही जपून वापरा. २०१९ च्या पहिल्या डेमोक्रॅटिक वादविवादांसाठी पात्र होण्याचा एक मार्ग ६५,००० देणगीदारांचा होता, म्हणून उमेदवार एक-एक डॉलर मागत फिरत होते.

आडनावावरून समाज ठरवणं

भारतीय-अमेरिकन देणगीदार कोणाकडे झुकले, हे काढताना कुलकर्णी आणि देशपांडे सहज सापडतात. गोव्याचे फर्नांडिस आणि परेरा मात्र पोर्तुगीज वळणाच्या आडनावांमुळे लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) गटात जाऊन पडतात. शिवाय देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकच देऊ शकतात. एच-१बी व्हिसावरचा माणूस या यादीत कायद्यानेच नसतो. ‘आयटीतली मराठी मंडळी कुणाच्या बाजूने’ असा निष्कर्ष यातून काढला, तर त्यातली नव्याने आलेली पिढी आधीच गाळलेली असते.

एक नियम यादी उतरवून घेण्याआधीच माहीत हवा: त्यातली व्यक्तींची नावं-पत्ते व्यापारासाठी किंवा कुठलीही वर्गणी मागण्यासाठी वापरायला कायद्याने मनाई आहे. धर्मादाय कामाचाही अपवाद नाही. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी सढळ हाताचे देणगीदार शोधायचे असतील, तर ते इथून उचलता येणार नाहीत.