टेबलावरच राहणारा लॅपटॉप निवडताना

लॅपटॉप उघडून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीतल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "जुना डेस्कटॉप काढून टाकायचाय, त्या जागी लॅपटॉप घेतला तर चालेल का? फार महागडा नको." चालतो, मजेत चालतो. फक्त बहुतेक जण तो प्रवासाला न्यायचा असल्यासारखा निवडतात. पातळ आहे का, हलका आहे का, बॅटरी किती तास टिकते, असंच सगळं विचारतात. जो लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून एकाच टेबलावर बसणार आहे, त्याचं वजन दीड किलो असो की अडीच, तुम्हाला काय करायचंय?

माझा हिशोब सोपा आहे. जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसे घाला: प्रोसेसर, थंड राहण्याची सोय, मेमरीच्या जागा, पोर्ट. जे बाहेरून जोडता येतं तिथे हात आखडता घ्या: स्क्रीन, कीबोर्ड, स्पीकर, कॅमेरा.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तो टेबलावरून कधी हलणारच नसेल, तर लॅपटॉप कशाला? मॉनिटर घरात असेल तर तेवढ्याच पैशात मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला डेस्कटॉप, जास्त ताकदीचा मिळतो. लॅपटॉप घेण्याची कारणं असतात ती अशी: अधूनमधून दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर न्यायचा आहे, जागा कमी आहे, किंवा वीज गेल्यावर हातातलं काम वाया जाऊ द्यायचं नाही. यातलं एक जरी लागू असेल तर पुढे वाचा.

आधी हवा, मग वेग

दोन लॅपटॉपमध्ये एकच प्रोसेसर असला तरी दोन्ही सारखेच चालतील असं नाही. पातळ अंगाच्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा एकच छोटा पंखा आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची एकच नळी असते. पहिली काही मिनिटं तो जोरात पळतो, मग गरम होऊन आपणच वेग खाली आणतो. जाड अंगाच्या, दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये तोच प्रोसेसर तासभर दम टिकवून धरतो. डेस्कटॉपची सवय असलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो, कारण डेस्कटॉपला कधी धाप लागत नसे.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्या, दोघांकडेही 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, साधारण १५ वॉटचा. 'एच' आणि त्याच्या भावंडांना, म्हणजे 'एचएस', 'एचएक्स' वगैरेंना, जास्त वीज मिळते. इंटेलचा 'एच' साधारण ४५ वॉटचा धरतात. टायपिंग, हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर चांगला 'यू' पुरतो. व्हिडिओ एडिटिंग, मोठे फोटो किंवा प्रोग्रामिंग असेल तर 'एच' घ्या, आणि तो जाड डब्यातच घ्या. पातळ लॅपटॉपमधला 'एच' पाटीवर रुबाबदार दिसतो आणि पंख्याच्या आवाजाने कान किटवतो.

पारखताना लॅपटॉप उलटा करा. तळाला हवा आत घेणारी मोठी जाळी आहे का, आणि गरम हवा बाहेर कुठून जाते? अनेक लॅपटॉपमध्ये ती बिजागरीजवळून जाते आणि काही मॉडेलं थोडी हवा कीबोर्डच्या फटींतूनही घेतात. असा लॅपटॉप झाकण मिटून मॉनिटरला जोडलात तर तो तापतो. झाकण उघडं ठेवा, हाताशी दुसरा स्क्रीनही मिळतो. परीक्षणं वाचताना एकदाच घेतलेल्या चाचणीचा आकडा सोडून द्या. सलग अर्धा तास ताण दिल्यावर वेग किती उरला हे कोणी दिलंय का, ते शोधा.

आणखी एक गोष्ट बघा, जी विक्रेता सहसा सांगत नाही: तळाचं झाकण सहज उघडतं का? दिवसभर चालणारा पंखा धूळ ओढतोच. मी उघडलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची जाळी यांच्यामध्ये धुळीचा अख्खा थर असतो, चिमट्याने धरला तर जाड घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग निघून येतो. तो काढला की मालक विचारतो, "नवीन पार्ट टाकला का?" लेनोव्हो, डेल आणि एचपी आपल्या बऱ्याच मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका साइटवर फुकट देतात. खरेदीआधी ती उघडून झाकणाचं आणि मेमरीचं पान बघा. ही दहा मिनिटं जाहिरात वाचण्यापेक्षा जास्त कामाची.

नावांचा गोंधळ

'आय फाइव्ह आहे' एवढ्यावर कधीही भुलू नका. इंटेलचा २०१६ चा आय५-७२००यू म्हणजे दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच गाभे. त्याच्या पुढच्या पिढीतल्या आय५-८२५०यू मध्ये चार आहेत. हीच आठवी पिढी दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाची आहे: विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, तिथूनच सुरू होतात. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणजे सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी तो विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकायची तयारी असणाऱ्यानेच घ्यावा.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तर मोठी गंमत आहे. चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये २, म्हणजे झेन २, जी मुळात २०१९ ची रचना. ७५३०यू मध्ये झेन ३, ७५४०यू मध्ये झेन ४. डब्यावर तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. पहिल्या आणि तिसऱ्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इंटेलचा एन१०० स्वस्त लॅपटॉपमध्ये बराच दिसतो. चार छोटे कोअर, वीज अगदी कमी. पत्रं लिहिणं आणि व्हिडिओ बघणं यासाठी ठीक आहे. दिवसभराच्या कामाचा डेस्कटॉप म्हणून मी तो कोणाला सुचवत नाही.

मेमरी

१६ जीबी धरून चाला. पण आकड्यापेक्षा ती बसवली कशी आहे हे बघा. मदरबोर्डवरच झाळलेली (सोल्डर केलेली) मेमरी वाढवता येत नाही. 'एलपीडीडीआर' असं लिहिलेलं असेल तर ती जवळपास नेहमीच तशी असते. टेबलावरच्या लॅपटॉपला मी दोन स्लॉट, म्हणजे मेमरीची पट्टी बसवायच्या दोन जागा, असलेलंच मॉडेल सुचवतो. पैसे कमी असतील तर आज एका स्लॉटमध्ये ८ जीबी असलेला घ्या, दुसऱ्यात नंतर घाला. घालताना जात तपासा: डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या जागी बसतच नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते.

चालू लॅपटॉप समोर असेल तर तळाचं झाकण न उघडताही हे कळतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत ते खाली लिहिलेलं असतं. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडीआयएमएम' असेल तर पट्टी निघते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती झाळलेली.

दोन पट्ट्यांचा आणखी एक फायदा आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप चित्र काढायला हीच मेमरी वापरतो, त्यामुळे दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. इंटेलच्या 'आयरिस एक्सई'चं उदाहरण घ्या. एकच पट्टी असेल तर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये 'यूएचडी' नावाने दिसतं आणि चालतंही हळू. "मी आयरिस घेतला होता, बदलून दिला की काय?" असं विचारत लोक येतात. दुसरी पट्टी घातली की नाव परत येतं.

साठवणीबद्दल थोडक्यात. एनव्हीएमई एसएसडी (वेगवान जातीची), ५१२ जीबी, आणि जमल्यास आणखी एका एसएसडीसाठी दुसरा एम.२ स्लॉट मोकळा. 'ईएमएमसी' ही हळू साठवण दिसली की पुढे चला. जुन्या डेस्कटॉपमधली साडेतीन इंची हार्ड डिस्क लॅपटॉपमध्ये बसणार नाही. तिला स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेला बाहेरचा डबा लागतो. तो खर्च आजच धरून ठेवा, नाहीतर घरातले सगळे जुने फोटो त्या डिस्कवरच अडकून पडतात.

पोर्ट मोजा, मग स्क्रीन बघा

डेस्कटॉपच्या मागे आज काय काय जोडलंय ते कागदावर लिहा: प्रिंटर, माउस, कीबोर्ड, हेडफोन, नेटची केबल, मॉनिटर. आता लॅपटॉपच्या कडा बघा. जाड लॅपटॉपला नेटच्या केबलचं पोर्ट अजून मिळतं, आणि टेबलावर बसून काम करणाऱ्याला वायफायपेक्षा ते केव्हाही बरं.

टाइप-सी चं भोक सगळीकडे सारखं दिसतं, काम वेगवेगळं करतं. एखादं फक्त डेटा देतं, एखादं चित्रही पाठवतं, एखाद्यातून लॅपटॉप चार्जही होतो. शेजारी विजेचं चिन्ह असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे ही सगळी कामं करणारं वेगवान पोर्ट, पण सगळे निर्माते चिन्हं छापत नाहीत. तांत्रिक माहितीच्या पानावर 'डिस्प्लेपोर्ट' आणि 'पॉवर डिलिव्हरी' हे दोन शब्द शोधा. दोन्ही असतील तर एकाच केबलीवर मॉनिटर आणि चार्जिंग होतं, अर्थात मॉनिटरनेही तेवढी वीज द्यायला हवी. एचडीएमआयची आवृत्तीही बघा: १.४ असेल तर ४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच (सेकंदाला ३० चित्रं) चालेल आणि माउसचा बाण अडखळत सरकेल. २.० ला ६० हर्ट्झ मिळतात. दोन मॉनिटर लावायचे असतील तर ॲपलच्या एम१ किंवा एम२ मॅकबुक एअरपासून सावध. ते सरळ जोडलेला एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात.

बाहेरचा मॉनिटर असेल तर लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन साधा चालतो. नसेल तर मात्र १९२० बाय १०८० चा आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा) हवाच. १५.६ इंचावर १३६६ बाय ७६८ म्हणजे दिवसभर वर-खाली सरकवत बसणं. '४५ टक्के एनटीएससी' (किती रंग दाखवतो त्याचं माप) लिहिलेला पॅनल फिका असतो. मजकुराला चालतो, फोटोच्या कामाला नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड गेम, थ्रीडी किंवा व्हिडिओचं काम असेल तरच घ्या. घेतलंत तर नावाशेजारचे वॉट विचारा. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे ३५ वॉटचंही असतं आणि ११५ चंही, नाव तेच. माझं एक मत, जे ऐकून लोक हसतात: गेम न खेळणाऱ्यांनीही मागच्या वर्षीचा, किंमत उतरलेला गेमिंग लॅपटॉप बघावा. मोठे पंखे, बहुतेकदा दोन मेमरी स्लॉट, भरपूर पोर्ट. रंगीत दिवे बंद करता येतात.

बॅटरी आणि सेकंडहँड माल

कायम चार्जरला लावलेली, शंभर टक्के भरलेली आणि वर गरम राहणारी बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जिंग ८० टक्क्यांवर किंवा त्याच्याही खाली थांबवायची सोय आहे का ते घेण्याआधी बघा: लेनोव्होत 'कन्झर्वेशन मोड', आसुसमध्ये 'मायआसुस' ॲपमध्ये, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये. पहिल्याच दिवशी ती चालू करा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, क्लिक होईना, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला तर आतली बॅटरी बहुधा फुगली आहे. तो लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायला जाऊ नका.

कमी पैशात डेस्कटॉपची जागा भरायची तर माझी पहिली पसंती कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप: लेनोव्होच्या थिंकपॅडची 'टी' मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. २०१८ च्या थिंकपॅड टी४८० मध्ये दोन स्लॉट आहेत. टी४९० मध्ये काही मेमरी झाळलेली आणि स्लॉट एकच. आकडा पुढचा म्हणजे सोय जास्त, असं नसतं. दमलेली बॅटरी दाखवून किंमत पाडून घ्या, तुम्हाला तिचं फारसं काम नाही. पण बॅटरी पूर्ण काढून वापरायचा बेत करू नका, काही मॉडेलं मग मुद्दाम हळू चालतात. मूळ ताकदीचा चार्जर मागून घ्या, कमी वॉटच्या चार्जरवरही तेच होतं.

बिजागरीचे स्क्रू स्वस्त मॉडेलांत प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांत बसतात आणि कालांतराने ते नट उपटून येतात. झाकण एका हाताने हळू उघडा. कोपऱ्यात करकर आवाज आला किंवा फट दिसली तर दुसरा नग मागा. बायोसला पासवर्ड नाही ना, ते स्वतः आत शिरून बघा. आणि विंडोज रीसेट करून नेटला जोडा. सुरुवातीच्याच स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागितलं, तर तो नग अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. पैसे देण्याआधीच हे करा.

नवा असो की जुना, परत करायची मुदत संपण्याआधी प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा, मॉनिटर पूर्ण हर्ट्झवर चालतो का तपासा, आणि तुमचं सगळ्यात जड काम सलग तासभर चालवा. खोकं तोवर फेकू नका.